सोड्यांशिवायची वाटी

पेंग चाऊ,
२४ जानेवारी १९८७

प्रिय आ-चिंग,

आई गेल्यापासून सहा महिने तुझ्यामाझ्यात एक शब्द नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फोडशील की तसंच खणात टाकशील, मला माहीत नाही. फोडलंस तर शेवटपर्यंत वाच. लांब आहे. तुझ्या बापाला थोडक्यात बोलता आलं असतं, तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

आधी बातमी सांगतो. मी लो-बाक-गो केलं. मुळ्याची वडी. होय, मी, माझ्या हातांनी, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात. ज्या माणसाला भाताचं भांडं कुठल्या फळीवर असतं हे सहासष्टाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, त्याने तीन दिवसांत चारदा मुळा किसला आणि उजव्या हाताची दोन बोटं सोलून घेतली. आता हसलीस ना? हसली असशील तर बरं वाटेल. नसशील तरी पुढे वाच.

खरं तर या वर्षी आपल्या घरात वाफ चढायला नको होती. बेटावरची चाल तुला माहीत आहे: ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं, त्या घराने चांद्र नववर्षाचं काही वाफवायचं नाही. शेजारी आणून देतात, आणि शेजाऱ्यांच्याही आधी आणून देते ती लग्न होऊन गेलेली मुलगी. या असल्या चालींवर मी आयुष्यभर तुटून पडलो. धक्क्यावर पेटीवर उभा राहून मी विचारलं आहे की अरे, मेलेल्या माणसाचं आणि मुळ्याचं नातं काय? पण या महिन्याच्या पंधरा तारखेपासून मी काय करत होतो, ऐक. तुझ्या त्युन मुनहून मध्ये बोट बदलून येणारे लोक ज्या बोटीने येतात, ती दुपारी धक्क्याला लागली की मी खिडकीत उभा राहत होतो. कोणाच्या हातात कापडात बांधलेला थाळा आहे का, ते बघत होतो. चालीवर विश्वास नसलेला म्हातारा चालीप्रमाणे वाट बघत होता.

तू आली नाहीस. थाळाही आला नाही. तक्रार करत नाही. का आली नाहीस ते मला माहीत आहे, त्याकडे येतो. पण मग मी म्हटलं, ती आणत नसेल तर आपण करू आणि तिच्याकडे पाठवू. चाल उलटी झाली तर झाली. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी मुली माहेरी येतात. त्या दिवशी तू या दारात यावंस, एवढंच मला हवं आहे. तीन दिवस मी मुळा किसला तो त्यासाठी.

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगायची लाज वाटते. मुळे मी चांगले निवडले होते. समोरच्या मोठ्या बेटावरून शेतकरीण टोपली घेऊन येते तिच्याकडून, हातात जड लागणारे, बोटाने टिचकी मारली की भरीव वाजणारे. तुझी आई अशीच टिचकी मारायची आणि मी म्हणायचो, मुळ्याची नाडी बघतेस का? पिठी मात्र दुकानातून आणली. तांदळाच्या पिठीच्या दोन पुड्या, अगदी सारख्या, चित्रही तेच. एकीवर लाल अक्षरं, दुसरीवर हिरवी. एक साध्या तांदळाची, दुसरी चिकट तांदळाची. ज्याने गोदीतल्या चारशे माणसांना अक्षरओळख करून दिली, ज्याच्या खाटेखाली पुस्तकांच्या अकरा पेट्या आहेत, त्या लुक पाक-हंगने पुडी वाचली नाही. तासभर वाफवून झाकण काढलं तर थाळ्यात गोंद. पळी उभी केली, ती उभीच राहिली.

नेमकी त्याच वेळी तिम काकू आली. तुझ्या आईची मैत्रीण म्हणून तिला माझा उद्धार करायचा परवाना चाळीस वर्षांपूर्वी मिळाला आहे, तो ती अजून रोज वापरते. दारातूनच नाकाने वास घेत म्हणाली, “भावजी, घराला सुतक आणि तुम्ही चूल पेटवता? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “लोकांना मी चाळीस वर्षं सांगत आलो, आता त्यांनी मला सांगावं.” ती आत आली, पळीकडे बघितलं, पळी हलवून बघितली, आणि म्हणाली, “हे खायला केलंय की होडीची फट बुजवायला?”

दुसऱ्या दिवशी पिठी बरोबर होती. पण किसलेल्या मुळ्याला एवढं पाणी सुटलं की मला वाटलं, हे काढून टाकायला हवं. मी तो कीस धुतलेल्या सदऱ्यासारखा पिळला आणि पाणी मोरीत ओतलं. वडी झाली. कापलीही गेली. चव मात्र भिंतीच्या चुन्याची. तिम काकूने एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि विचारलं, “मुळा कुठे गेला?” मी म्हटलं, पाणी टाकलं. तिने कपाळाला हात लावला. “अहो, मुळा म्हणजे ते पाणीच! त्याच पाण्यात कीस शिजवायचा, त्याच पाण्यात पिठी कालवायची. वरून थेंब घालायचा नाही. लाय...” नाव अर्धंच सोडून ती म्हणाली, “तुमच्या बायकोने चाळीस वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत केलं हे!”

डोळ्यांदेखत, हे खरं. स्वयंपाकघरातल्या मेजाच्या या टोकाला मी भाषण लिहीत बसायचो आणि त्या टोकाला ती किसत असायची. किसणीचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या आवाजाच्या तालावर मी वाक्यं बांधली आहेत. पण मान वर करून एकदा बघितलं नाही की त्या पाण्याचं ती काय करते.

आता तिसरा दिवस, म्हणजे काल. काल सगळं नीट जमत होतं. आईच्या मापाची वाटी मला सापडली होती, कड उडालेली निळी वाटी, तुला आठवत असेल. तिम काकू म्हणाली की जिथे कड उडाली आहे तिथपर्यंत पिठी, एका मुळ्याला दोन वेळा. गोड सॉसेजचे आणि वाऱ्यावर सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे करून परतले, त्यांच्याच चरबीत भिजवलेली अळंबी टाकली. पांढरी मिरी कुटली. मुळ्याचा कीस त्याच्या पाण्यात मऊ शिजवला. आणि मग मी सोडे काढले. आमच्या धक्क्यावरचे उत्तम सोडे, सुकवलेली लालसर कोळंबी. मी म्हटलं, माझ्या मुलीसाठी चाललंय, कंजुषी कशाला? नेहमीच्या मापाच्या दुप्पट घेतले. बारीक चिरले. सगळं घर त्या वासाने भरून गेलं. पातेल्यात टाकायला हात वर केला आणि मागून तिम काकू ओरडली, “हे कोणासाठी?”

“आ-चिंगसाठी. तू त्युन मुनला भाचीकडे जाणार आहेस ना, तिच्या दारात देऊन ये.”

तिने माझं मनगट धरलं. सत्तरीची बाई, पण मासळीच्या टोपल्या उचललेला हात तो. म्हणाली, “पोरीला मारायला निघालात का?”

मला काहीच कळलं नाही. तिच्या लक्षात आलं की मला खरंच काही माहीत नाही. मग तिने स्टोव्ह बंद केला, मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. तू चार वर्षांची होतीस. आईने सोडे घालून भाताची पेज केली होती. दोन घास खाल्लेस आणि ओठ सुजले, मग डोळे, मग श्वास अडकायला लागला. तोंड वाफवलेल्या पावासारखं फुगलं, असं काकू म्हणाली. भर दुपार, धक्क्याला बोट नाही. तिम काकूच्या नवऱ्याने मासेमारीची होडी सोडली. तुला कवेत घेऊन तुझी आई पुढे बसली होती आणि मोठ्या शहराच्या इस्पितळापर्यंत सारखं तुझं नाव घेत होती, थांबलं तर तू झोपशील या भीतीने. डॉक्टरांनी वाचवलं. तिसऱ्या दिवशी तुला घेऊन ती परत आली. त्या दिवसापासून तुझ्या ताटात सोडे नाहीत, कोळंबी नाही, त्याला लागलेला चमचाही नाही.

आणि मी कुठे होतो? संपात होतो. गोदीतल्या रंगाऱ्यांचा संप, एकोणीस दिवसांचा. गोदीच्या फाटकाबाहेर मंडपात झोपत होतो. काकूने तारीख सांगितली, मी दिवस मोजले. ज्या दिवशी तू होडीत होतीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते भाषण केलं, ज्यासाठी लोक अजून मला रस्त्यात थांबवतात. दोन हजार माणसं होती. मी गरजलो होतो: “विचारा मालकाला! तुझ्या कामगाराच्या लेकराच्या वाडग्यात आज काय पडलं, ठाऊक आहे का तुला? नाही! ज्याला हे ठाऊक नाही, त्याला आमच्यावर राज्य करायचा अधिकार नाही!” टाळ्यांनी पत्रे हादरले. आ-चिंग, माझ्या लेकराच्या वाडग्यात काय पडलं होतं, ते मला कळायला अठ्ठावीस वर्षं लागली.

मी काकूला विचारलं, तिने मला सांगितलं का नाही? काकू म्हणाली, “आधी म्हणाली, संप तुटेल, त्यांच्या डोक्याला घोर नको. मग तुम्ही जिंकून खांद्यावर बसून आलात, फटाके लागले, तेव्हा कुठे सांगायचं? आणि नंतर सांगणार कधी? तुम्ही बोलायचं थांबाल तेव्हा ना!”

नववर्षाच्या थाळ्यात माझ्यासाठी पडणारे सोडे सोडले, तर त्यानंतर आपल्या घरात कोळंबी कधी शिजली नाही. मी ते आईच्या काटकसरीत जमा केलं होतं. दोन भाषणांत दाखलाही दिला होता, माझ्या घरात कोळंबी येत नाही, असा.

पण मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे नाही. मला एकदम ती छोटी वाटी आठवली. दर वर्षी मोठ्या थाळ्याबरोबर तुझी आई एका वाटीत वेगळी वडी वाफवायची आणि फळीवर ठेवायची, चुलीच्या देवाच्या लाल कागदाशेजारी. दर वर्षी मी ती वाटी हातात घ्यायचो आणि सुरू व्हायचो. देव वर जाऊन घरच्या चहाड्या करू नये म्हणून त्याला लाच! माणसं उपाशी आणि कागदाला नैवेद्य! तुझी आई हात पुसत “हं” म्हणायची आणि वाटी माझ्या हातातून काढून पुन्हा फळीवर ठेवायची. मी काकूला म्हटलं, म्हणजे देवाच्या वाटीत सोडे नसायचे? काकू हसली. डोळे पुसत हसली. म्हणाली, “देवाची? भावजी, देवाला सोडे चालतात. चालत नव्हते ते तुमच्या पोरीला.”

तुला हे सगळं माहीतच होतं. मी वाटी हातात नाचवत भाषण करायचो तेव्हा तू समोरच्या बाकावर पाय हलवत बसलेली असायचीस. एकदा, सात-आठ वर्षांची असशील, तू म्हणालीस, “ती माझी आहे.” आणि मी तुझ्या आईवर उसळलो की देवाच्या नावाने पोरीला खोटं बोलायला शिकवू नकोस. त्या दिवसानंतर तू माझ्या भाषणाच्या मध्ये कधी बोलली नाहीस. मी समजलो, पोरगी शहाणी झाली.

नववर्षाच्या पहिल्या सकाळी तू ती वाटी खायचीस, आणि मी तोपर्यंत घरोघरी कामगारांना शुभेच्छा द्यायला निघून गेलेला असायचो. एकदाही बघितलं नाही. तव्यावर परतून खायचीस की तशीच गार? कळवशील का?

मग काल मी काय केलं ते सांगतो. चिरलेले सोडे काकूला दिले. पातेलं घासलं, विळी घासली, हात तीनदा धुतले, काकूने नाकाशी धरून वास घेतला आणि चौथ्यांदा धुवायला लावले. मिश्रण नव्याने केलं. मोठा थाळा आणि छोटी वाटी, दोन्ही सोड्यांशिवाय. काकू म्हणाली, “थाळ्यात घाला ना, तुम्हाला आवडतात.” मी म्हटलं, या घरात आता एकच चव. तासभर वाफवलं, कढईतलं पाणी आटलं की उकळतं पाणी घातलं, गार घातलं तर वाफ बसते, हे आता मला कळतं. काडी घालून बघितली, स्वच्छ बाहेर आली. वर तीळ, कोथिंबीर, पातीचा कांदा. गरम असताना कापायचं नाही, हेही कळलं; म्हणून रात्रभर झाकून ठेवलं. आज सकाळी थाळ्यातली एक फोड कापून तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल केली आणि खाल्ली. आईच्या हातची नाही. पण मुळा तिथे होता.

मी काकूला म्हटलं, ने आता. तर ती अडून बसली. म्हणाली, “सुतकाच्या घरातून वाफवलेलं दुसऱ्या घरात नेत नाहीत. आ-चिंगच्या सासरी चालायचं नाही. तिथे तिची धाकटी लेक आहे. मी नेणार नाही, बोटीत कोणी मला शेजारी बसू देणार नाही.” मी तोंड उघडलं. पहिला मुद्दा तयार होता, दुसराही. आणि मी तोंड मिटलं. काकूने स्टोव्हकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, की हा विझला कसा. मी विचारलं, “मग आ-चिंग स्वतः येऊन खाईल तर?” काकू म्हणाली, “तिला काय हरकत? सुतक तुमचं आणि तिचं एकच आहे.”

हे वाक्य मला आयुष्यभरात सुचलं नसतं. सुतक तुझंमाझं एकच आहे. गेले सहा महिने तू तुझ्या एकोणिसाव्या मजल्यावर आणि मी या गल्लीत, दोघं वेगवेगळं धरून बसलो आहोत.

आता मुद्द्यावर येतो, ज्याच्याभोवती एवढ्या फेऱ्या मारल्या. अंत्यविधीच्या दिवशी मी चाळीस मिनिटं बोललो. जुने कामगार आले होते, त्यांना बघून मला चेव आला. मजुरीवर बोललो, घरभाड्यावर बोललो, तुझ्या आईला “कामगारांच्या लढ्यातली एक मूक शिपाई” म्हणालो आणि पुन्हा मजुरीवर आलो. तू विधीनंतरच्या जेवणाला थांबली नाहीस. धक्क्यापर्यंत मी तुझ्यामागे आलो, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, “बाबा, तुम्ही आईचं नावसुद्धा घेतलं नाही.” आणि मी, मूर्खाने, तिथेही उत्तर दिलं. लढ्यात नावं नसतात, असं काहीतरी. तुझी बोट सुटेपर्यंत बोलत होतो.

आ-चिंग, हे पत्र मी तुला क्षमा मागायला लिहीत नाही. ती तू येशील तेव्हा समोर मागेन, आणि एका वाक्यात मागेन. हे पत्र म्हणजे त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते भाषण आहे. ऐकायला दोन हजार माणसं नकोत, तू एकटी पुरेशी आहेस. त्याची सुरुवात अशी व्हायला हवी होती: मोक लाय-हो दर वर्षी एक वाटी वेगळी वाफवायची. तिचं नाव मोक लाय-हो. मोक लाय-हो मुळ्याचं पाणी टाकत नसे. मोक लाय-हो चार वर्षांच्या मुलीला होडीत घेऊन बसली आणि शहर येईपर्यंत तिचं नाव घेत राहिली. बस, एवढंच भाषण. वाटी मी कापलेली नाही. मधल्या काळात फ्रीजमध्ये ठेवेन, आणि नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाफ देऊन तिच्या जागी, फळीवर, ठेवेन. दुपारची बोट लागेल तेव्हा मी खिडकीत नसेन, धक्क्यावर असेन, आणि बोलणार नाही.

तुझाच,
बाबा

ता. क. तुझ्या धाकटीला सोडे चालतात का, हे मला माहीत नाही. येताना आधी ते सांग.